मंडईच्या दिवशीचा कागद

आमच्या गावच्या नीतूला कोणी चूक काढलेली खपत नाही, असं गावात सगळे म्हणतात. मी त्यात थोडी दुरुस्ती करतो. तिला चूकच खपत नाही, मग ती कोणाचीही असो. दुसऱ्याची असली की ती तोंडावर बोलून मोकळी होते. स्वतःची असली की काय होतं, ते आम्हाला यंदाच्या उन्हाळी धानात कळलं.

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाला तलाव आहे, आणि कोणत्याही घरात विचाराल तर तो त्यांच्याच पणजोबाने बांधलेला आहे. पणजोबा कोणाचेही असोत, पाणी वाटायला आता संस्था आहे. शाळेच्या बाजूला दोन खोल्यांचं कार्यालय. बाहेरच्या खोलीत नीतू ऑपरेटर म्हणून बसते, आतल्या खोलीत सचिव हेमेंद्र. माझं तिथे काही काम नाही. मी सभासद आहे आणि संस्थेत पेपर येतो, एवढ्या कारणावर मी रोज सकाळी बाकावर जाऊन बसतो. हेमेंद्रला ते आवडत नाही, पण मला उठवायची त्याची हिंमत नाही. नीतू तेवढी तोंडावर बोलते.

नीतू तिरोड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करून आलेली. त्या दुकानातून ती टायपिंगचा वेग घेऊन आली, अर्धी हिंदी घेऊन आली आणि नाकावरचा राग तिचा मूळचाच होता. आल्या आल्या तिने कार्यालयाची पद्धत बघितली आणि कपाळाला हात लावला. पद्धत अशी होती. लोक पाण्याचे अर्ज केवळरामजवळ देत. केवळराम संस्थेचा चपराशी. तो सायकलवरून घराघरातून कागद आणायचा, बाहेरच्या टेबलावर त्यावर शिक्का मारून घ्यायचा, मग आत नेऊन हेमेंद्रच्या हातात ठेवायचा आणि तोंडाने सांगायचा, "हा गणपतरावाचा होय, हा त्याच्या भावाचा." त्याने हातात ठेवला म्हणजे कागद पोहोचला. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कोणाचा कागद कधी हरवला नव्हता.

पण संस्थेला स्कॅनर असलेला नवा प्रिंटर मिळाला आणि नीतूच्या डोक्यात शेअर फोल्डर शिरलं. बाहेर कागद स्कॅन करायचा, की तो आपोआप आतल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरात जाऊन पडला पाहिजे. उठायचं नाही, नेऊन द्यायचं नाही. ऐकायला सोपं होतं. प्रत्यक्षात ते मशीन आठवडाभर तिच्याशी भांडलं. स्कॅन केलं की पडद्यावर यायचं, परवानगी नाही. ती मोबाईलवर व्हिडिओ बघायची, वायर काढायची, लावायची, राऊटरला शिव्या घालायची.

"अरे, तुझ्याच घरात जायला तुला कोणाची परमिशन पाहिजे?" ती प्रिंटरला विचारायची. मी पेपरामागे हसायचो.

शेवटी तिने हेमेंद्रच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याच्याकडून मागून घेतला आणि तो प्रिंटरमध्ये भरला. मग माझ्या वीज बिलाचा कागद स्कॅन केला. आतून हेमेंद्र ओरडला, "आ गया! आ गया रे!" नीतूने दोन्ही हात वर केले. केवळराम दारात उभा होता. त्याने आत जाऊन पडद्यावर माझं बिल बघितलं, बाहेर येऊन माझ्या हातातलं बिल बघितलं, आणि म्हणाला, "कागद तं इथंच आहे. मंग तिकडं कोन गेला?" आम्ही सगळे हसलो, तोही हसला.

त्या दिवसापासून शिक्का बंद झाला. नीतूच म्हणाली, स्कॅन झालं म्हणजे नोंद झाली, वर शिक्का कायला? आणि कागद ठेवायचाही नाही, ज्याचा त्याला परत. कपाटात उंदीर पोसायची गरज नाही. सभेने टाळ्या वाजवून ते मंजूर केलं. मीही वाजवल्या.

केवळरामविषयी इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याचा मोठा भाऊ पुनाराम म्हातारपणी विसरायला लागला होता. आधी चावी, मग माणसांची नावं, मग घर. एकदा तो तिरोड्याच्या स्टेशनवर सापडला आणि आपल्याला कुठे जायचं आहे ते त्याला सांगता येईना. शेवटची काही वर्षं केवळरामने त्याला हाताला धरून तलावावर नेलं, हाताने जेवू घातलं. पुनाराम गेला तेव्हापासून केवळरामच्या मनात एकच भीती बसली, की हे आपल्यालाही होणार. चष्मा सापडला नाही तरी त्याचा चेहरा उतरायचा. म्हणून तो जे काम घ्यायचा ते घट्ट धरून करायचा. कोणाचं तिरोड्याहून औषध आणणं असो की कोणाचा निरोप पोहोचवणं असो, त्याचं काम कधी चुकलं नाही. तो त्याचा अभिमान होता, आणि त्याचा आधारही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्राच, भरते. आमच्या गावची मंडई असली की लेकीबाळी माहेरी येतात, दुकानं लागतात, रात्री नाटक असतं, आणि त्या दिवशी कार्यालयात काम करणारा माणूस वेडा समजला जातो. नेमके तेच दिवस उन्हाळी धानाच्या पाण्याचे अर्ज घ्यायचेही असतात. तर मंडईच्या दिवशी केवळराम शांतीबाईचा अर्ज घेऊन आला. शांतीबाईचा नवरा केव्हाच गेला, तलावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, ती एकटी कसते. त्या दिवशी तिच्या घरी पाहुणे होते आणि ती चुलीपासून हलू शकत नव्हती, म्हणून केवळराम स्वतः तिच्या घरी जाऊन कागद घेऊन आला होता.

नीतू नवी साडी नेसून आली होती. बहीण रीता माहेरी आलेली, घरी सगळे तिची वाट बघत होते. तिने कागद मशीनवर ठेवला. परवानगी नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. झालं असं होतं, की हेमेंद्रने आदल्या दिवशी आपला पासवर्ड बदलला होता आणि सांगितलं नव्हतं, आणि तो स्वतः मंडईत पाळण्याजवळ उभा होता. मग नीतूने स्कॅन आपल्याच कॉम्प्युटरवर घेतलं, कालचे मंडईच्या तयारीचे फोटो जिथे टाकले होते तिथे. उद्या फोल्डरात टाकू, असं म्हणून तिने कागद केवळरामच्या हातात परत दिला.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं, मामा. चला आता मंडईत."

केवळरामने जाता जाता कागद शांतीबाईला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी नीतूने नवा पासवर्ड मशीनमध्ये भरला, पुढचे अर्ज सुरळीत जायला लागले, आणि तो एक कागद तिच्या डोक्यातून साफ गेला.

पौषात पाण्याची यादी फळ्यावर लागली. आमच्या तलावात पाणी मोजकंच राहतं. कोणाला उन्हाळी धान लावता येईल ते यादी ठरवते, आणि लागलेली यादी मोडत नाही, कारण एकाला पाणी वाढवलं की दुसऱ्याचं तुटतं. यादीत शांतीबाईचं नाव नव्हतं. तिने तर पऱ्हे टाकून ठेवले होते. धानाची रोपं वीतभर वर आली होती, रोवणीला तयार.

ती हातात तो अर्ज घेऊन कार्यालयात आली. शांतीबाई हळू बोलत नाही.

"माहं नाव काऊन नाई?"

हेमेंद्रने फोल्डर उघडून बघितलं. नीतूनेही येऊन बघितलं, वरपासून खालपर्यंत. आणि ती म्हणाली, अगदी खात्रीने म्हणाली, "फोल्डरमध्ये नाही म्हणजे तो आलाच नाही. आला असता तर दिसला असता."

"केवडराम तं घेऊन गेलता ना कागद! आनि झालं म्हनून वापस आनून देल्ला!"

सगळ्यांनी केवळरामकडे बघितलं. कागद शांतीबाईच्याच हातात होता, त्यावर शिक्का नव्हता, आणि फोल्डरात तो नव्हता. दुसरा काय अर्थ निघणार? मंडईच्या गडबडीत म्हातारा कागद खिशात घेऊन फिरला आणि तसाच परत देऊन आला.

"मी तं देल्लो होतो," केवळराम म्हणाला. "नीतूबाईच्या हातात देल्लो होतो."  त्याने नीतूकडे बघितलं. नीतूने मान हलवली, नाही. तिला खरंच आठवत नव्हतं, हे मी तिच्या बाजूने सांगतो. केवळराम हळूच म्हणाला, "असन. विसरलो असन मी."

मी बाकावरूनच म्हणालो, "आता वय झालं ना, केवळराम." समजूत म्हणून म्हणालो होतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर वर घेतला.

शांतीबाई त्याला काय काय बोलली ते मी लिहीत नाही. पुढे काय झालं ते लिहितो. केवळरामचं नाव यादीत होतं. रस्त्याला लागून त्याच्या थोड्या बांध्या आहेत, त्यांचं पाणी त्याने शांतीबाईला लिहून दिलं. हेमेंद्र म्हणाला, "अरे भाई, जरा सोच ले." केवळराम म्हणाला, "सोचून राहिलो तं झोप नाई येत." त्याचेही पऱ्हे तयार होते. ते त्याने बैलांना चारले. शांतीबाईची रोवणी झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं हिरवं झालं आणि मधे केवळरामच्या बांध्या कोरड्या, भेगा पडलेल्या राहिल्या. नीतू रोज त्याच रस्त्याने गाडीवरून कामाला येते.

शिवरात्रीच्या आसपास रीताचा सासरहून फोन आला. मंडईचे फोटो पाठव, किती दिवस सांगून राहिली. नीतूने दुपारी फोटो शोधायला घेतले. मी तेव्हा समोरच होतो. ती फोटो बघत हसत होती, हे बघा काका, हेमेंद्रभाऊ पाळण्यात बसून कसे भ्याले, असं सांगत होती. मधेच तिने पडदा माझ्यापासून वळवला. मला वाटलं काही खाजगी असेल.

फोटोंच्या मधे शांतीबाईचा अर्ज होता. सही, तारीख, सगळं.

हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. तिचं म्हणणं असं, की त्या क्षणी तिला उठून ओरडायचं होतं, पण ती उठली नाही. आलाच नाही, असं तिने चारचौघांत म्हटलं होतं. शिक्का तिनेच बंद केला होता. नोकरी गेली तर पुन्हा तिरोड्याचं झेरॉक्सचं दुकान. आणि आता सांगून केवळराममामाच्या बांधीत पाणी परत येणार आहे का? रोवणीचे दिवस तर गेले. हे शेवटचं कारण तिला सगळ्यात पक्कं वाटायचं, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

मग तिने काय केलं, तर ती केवळरामशी चांगलं वागायला लागली. ज्या मुलीने कधी कोणाला पाण्याचा पेला दिला नाही, ती त्याच्यासाठी घरून चहा आणायला लागली. आईला सांगून भाजी पाठवायची. "मामा, बसा. मामा, ऊन आहे, मी जाते." त्याने काही विचारलं की हळू आवाजात, समजावून सांगायची. तिला वाटलं आपण थोडं थोडं फेडतो आहोत. मला वाटलं पोरगी सुधारली. आम्ही दोघंही मूर्ख.

केवळराम मात्र दिवसेंदिवस आत जात होता. त्याने तिरोड्याहून औषधं आणायचं बंद केलं. कोणी निरोप सांगितला की म्हणायचा, "दुसऱ्याले सांगा." घरून निघताना कुलूप लावलं की नाही ते बघायला तो अर्ध्या रस्त्यातून परत जायचा. एकदा मी त्याला तलावाच्या पाळीवर एकटाच बसलेला बघितला. मी जवळ गेलो तर तो गावातल्या घरांची नावं ओळीने म्हणत होता, हे याचं, ते त्याचं. मला बघून तो ओशाळला. "काई नाई," म्हणाला, "आठोन करून राहिलो."

होळीच्या आधी एका सकाळी तो कार्यालयात आला आणि संस्थेच्या सायकलची चावी त्याने हेमेंद्रच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"मी आता नाई येत."

"काऊन? काय झालं?"

केवळराम दाराची चौकट धरून उभा होता. बोलताना तो कोणाकडे बघत नव्हता. "पुनाराम बी असाच सुरू झाला होता, सायेब. पयले एक चावी विसरला होता तो. मंग समदे त्याच्याशी गोड बोलाले लागले. मी बी बोलत होतो. लहान लेकराशी बोलतेत तसा." मग त्याने नीतूकडे मान केली. "हे पोरगी कधी कोनाशी गोड नाई बोलली. आता माह्याशी बोलते. मले समजते ना. तिले दिसून राहिलं असन माह्यात."

नीतूच्या हातात त्याच्यासाठी आणलेला चहाचा कप होता. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिने कप खाली ठेवला, आणि एकदम बोलून टाकलं.

"मामा, कागद तुम्ही आणला होता."



"तुम्ही मला दिला होता. मी स्कॅन केला. मशीन घेत नव्हतं म्हणून माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवला. मीच विसरली. मला शिवरात्रीपासून माहीत आहे, मामा. मी सांगितलं नाही."

तिने पडदा वळवला आणि तो कागद उघडून दाखवला. हेमेंद्रने वाकून तारीख वाचली आणि नीतूला ओरडायला तोंड उघडलं. मग त्याला आपला पासवर्ड आठवला असावा, कारण तोंड तसंच मिटलं. मी उठून उभा राहिलो होतो, का ते मला माहीत नाही.

नीतू वाट बघत होती. तिला शिव्या हव्या होत्या. मामाने आता बांध्यांचं विचारावं, बैलांना चारलेल्या पऱ्ह्यांचं विचारावं, निदान एवढे दिवस गप्प का राहिली ते विचारावं. मी त्याच्या जागी असतो तर छप्पर उडवलं असतं.

केवळराम हळूहळू टेबलाजवळ आला. त्याने बोट पडद्यावर, शांतीबाईच्या सहीवर टेकवलं.

"म्हंजे मी देल्लो होतो?"

"हो, मामा."

"मंडईच्याच दिवशी?"

"हो."

"मी विसरलो नव्हतो?"

"नाही मामा. तुम्ही नाही विसरले. मी विसरली."

तो बाकावर माझ्या बाजूला बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता, आणि मग रडतही होता. "मी देल्लो होतो," तो मला सांगत होता, जणू मी तिथे नव्हतोच. "आनून देल्लो होतो मी." बांध्यांचं नावही त्याच्या तोंडी आलं नाही. नीतू जिथल्या तिथे जमिनीवर बसली. तोपर्यंत तिला वाटत होतं की आपण त्याचं एका हंगामाचं धान बुडवलं. आपण त्याचं काय घेतलं होतं, ते तिला तेव्हा दिसलं.

बातमी लपवायची नाही, असं तिनेच ठरवलं. सभा बोलवायला लावून तिने सगळ्यांसमोर सांगितलं. शांतीबाई तिथेच उठली आणि तिने नीतूला असं काही सुनावलं की दोन-चार बायांनी कानांवर हात ठेवले. "माह्या तोंडातून त्या देवमानसाले तू काय काय बोलवलं!" मग ती केवळरामसमोर जाऊन उभी राहिली आणि डोळ्याला पदर लावून बाहेर निघून गेली. धान निघालं तेव्हा तिने अर्धं त्याच्या अंगणात आणून टाकलं आणि घेतलंच पाहिजे म्हणून दारात बसून राहिली. नीतूची नोकरी राहिली. केवळरामनेच हेमेंद्रला सांगितलं म्हणे, लेकरू आहे, शिकंल. शिक्का कपाटातून पुन्हा बाहेर आला. आता नीतू स्कॅन करते, आत जाऊन फोल्डरात कागद आला का बघते, मग शिक्का मारते. माझ्या पेपर वाचण्यावर ती अजून बोलते, पण पूर्वीचा जोर नाही.

केवळरामने सायकलची चावी परत घेतली. तो तिरोड्याहून औषधं आणतो, निरोप पोहोचवतो. त्याच्या बांध्या यंदाच्या पावसाळ्यात इतरांसारख्याच हिरव्या आहेत.

एवढंच, की मधूनमधून तो नीतूच्या टेबलाजवळ येतो, आजूबाजूला बघतो आणि हळूच विचारतो, "बाई, ते मंडईच्या दिवशी... मी देल्लो होतो ना कागद?"

हे त्याला पुन्हा ऐकावंसं वाटतं म्हणून तो विचारतो, की आधी विचारल्याचं त्याला आठवत नाही म्हणून, ते नीतूला कळत नाही. मलाही कळत नाही. ती हातातलं काम टाकून उभी राहते आणि सांगते, "हो मामा, तुम्ही दिला होता."